गोळी हरणापाशी पोचते तेव्हा

मागच्या अंकात मी पहिल्या हंगामाच्या तयारीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा आहे: गोळी कोणती घ्यावी? मी पेशाने पशुवैद्य आहे आणि गेले एकोणीस हंगाम शिकार करते आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. जिथे परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो आणि किती जनावरं मारायची याला मर्यादा असते, तिथल्या शिकारीबद्दलच मी लिहिते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. तिथून आलेल्या दोन पत्रांना माझं उत्तर एवढंच.

ताई, सासऱ्यांनी त्यांची .३०-०६ रायफल मला दिली. यंदा पहिल्यांदाच पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मादीचा परवाना मिळाला आहे. दुकानात फळीवर तीसेक प्रकारची काडतुसं दिसली. कुणी १५० ग्रेन घे म्हणतं, कुणी १८०, कुणी म्हणतं सगळ्यात महाग ती घे. मला एवढंच हवं आहे की जनावर तडफडू नये. काय घेऊ? — एक नवशिका

तुमच्या पत्रातलं तडफडीचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावरूनच ठरतं. गोळीच्या नुसत्या दणक्याने हरीण मरत नाही. दोन्ही फुप्फुसं फाटली, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या तुटल्या, की रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त पुरेनासं होतं आणि साधारण दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात ते पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं. ते पळालं म्हणून नेम चुकला असं समजू नका. गोळीचं काम एवढंच की छातीत शिरल्यावर रुंद वाट पाडायची आणि जमलं तर पलीकडून बाहेर पडायचं, म्हणजे जमिनीवर रक्ताचा माग राहतो.

रुंद वाट पाडायला गोळी आत गेल्यावर फुलावी लागते. तुमच्या रायफलची गोळी ७.८ मिलिमीटर जाडीची आहे. तिचं मऊ टोक मागे वळून अळंबीच्या छत्रीसारखं पसरलं की ती दुपटीच्या आसपास जाड होते. हे फुलणं वेगावर अवलंबून असतं, आणि इथेच बहुतेक नवे शिकारी फसतात. खोक्यावर छापलेला वेग नळीच्या तोंडाशी असतो. हरीण काही नळीच्या तोंडाशी उभं नसतं.

तुमच्याच रायफलचे आकडे घेऊ. १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची, साधी मऊ टोकाची गोळी नळीतून सुमारे २,९१० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. १०० यार्डांवर तिचा वेग २,६०० च्या थोडा वर असतो, २०० वर २,३४० च्या आसपास आणि ३०० वर २,०८० च्या आसपास. शिशाच्या गाभ्याची साधी गोळी १,८०० च्या वर असेपर्यंत सहसा नीट फुलते. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना मात्र २,००० च्या आसपास वेग लागतो. तेव्हा तुमच्यासाठी उत्तर सरळ आहे: १५० ग्रेन, शिशाचा गाभा, मऊ टोक, मधल्या किमतीचं कुठलंही नावाजलेलं काडतूस. २०० यार्डांच्या आत ती मादीच्या छातीत हमखास फुलेल आणि बहुतेक वेळा पलीकडून बाहेरही पडेल. १६५ ग्रेन मिळाली तरी चालेल. १८० ची गरज एल्क किंवा मूससारख्या दांडग्या जनावराला. साठ किलोच्या मादीला ती लागत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. माझ्या दुसऱ्या हंगामात मला एका अनुभवी माणसाने "जितकी टणक तितकी चांगली" असं सांगितलं होतं. मी १८० ग्रेनची, अख्ख्या तांब्याची, टोकाला बारीकसं भोक असलेली जुन्या घडणीची गोळी घेतली. माझी नळी वीस इंची, म्हणजे खोक्यावरचा वेग मुळातच मिळत नव्हता. तो आकडा सहसा चोवीस इंची नळीवर मोजलेला असतो. मादी ३०० यार्डांच्या जरा पुढे आडवी उभी होती. इतक्या लांबचा बार मी टाकायलाच नको होता. चाप ओढला, ती दचकली, शेपटी खाली घालून झाडीत गेली. जिथे उभी होती तिथे फक्त चार केस सापडले. पुढे साठ पावलांवर गवताच्या पात्यावर एक थेंब. मग दहा मिनिटं काहीच नाही.

ती मला तीन तासांनी सापडली, चारशे यार्डांवर, बसलेली, डोकं वर धरून. तिने माझ्याकडे पाहिलं. दुसरी गोळी मी जवळून घातली. नंतर आतून पाहिलं तेव्हा फुप्फुसांतून एक बारीक, स्वच्छ भोक गेलेलं होतं, शिसपेन्सिलीएवढं. गोळी फुललीच नव्हती. नेम बरोबर होता. अंतर माझ्या आवाक्याबाहेरचं होतं आणि गोळी त्या अंतरासाठी नव्हती. ते तीन तास त्या मादीने भोगले. त्या दिवसानंतर मी कुठलंही खोकं उचलताना आधी एकच प्रश्न विचारते: माझ्या लांबात लांब बाराला ही हरणापाशी किती वेगाने पोचेल?

याच्या उलटही घडतं. पातळ जाकिटाची (जाकीट म्हणजे शिशावरचं तांब्याचं आवरण) मऊ गोळी फार वेगवान मॅग्नम काडतुसात भरलेली असेल आणि हरीण तीस यार्डांवर असेल, तर ती फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, हाडावर आदळून तिथेच फुटते. बाहेर मोठी, भयंकर दिसणारी जखम होते आणि फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याला १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीत हाच त्रास झाला. चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर त्यांच्या गोळ्या फुटत गेल्या. त्यातून त्यांनी मधोमध भिंत असलेली गोळी घडवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा भिंतीआड शाबूत राहून आत घुसत राहतो. 'पार्टिशन' या नावाने ती आजही मिळते. त्याच दिशेने पुढे जाकीट आणि शिसं एकजीव केलेल्या, म्हणजे बाँडेड गोळ्या आल्या, आणि अख्ख्या तांब्याच्या आल्या. मॅग्नम रायफलवाल्याने यांपैकी एक घ्यावी. .३०-०६ ने मध्यम अंतरावरून हरीण मारणाऱ्याला तिची गरज नाही, घेतली तर बिघडतही नाही. रेमिंग्टनची साधी 'कोअर-लोक्ट' गोळी १९३९ पासून बाजारात आहे आणि हरणासाठी तिच्यात आजही काही कमी नाही.

एकच खोकं घेऊन थांबू नका. पसंत पडलेल्या काडतुसाची चार-पाच खोकी एकदम घ्या, रायफलवरची दुर्बीण त्याच काडतुसावर जुळवून घ्या आणि उरलेल्याने सराव करा. हरणाच्या वर्मी जागेचा, म्हणजे हृदय-फुप्फुसांचा, आडवा आकार साधारण आठ इंची ताटलीएवढा असतो. बसून, टेकून, उभ्याने, धावून आल्यावर धाप लागलेली असताना, जितक्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या त्या ताटलीत बसतात तेवढीच तुमची हद्द. माझी हद्द आजही २२० यार्ड आहे.

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. कापताना पलीकडच्या कातडीखाली अडकलेली गोळी सापडली की मी ती धुऊन, तराजूवर तोलून त्यात ठेवते, सोबत चिठ्ठी: अंतर, कुठून शिरली, हरीण किती पळालं. काल तो उघडून बसले होते. एका चिठ्ठीवर लिहिलंय "१५०, साधी, १४० यार्ड, फासळीतून, ४५ पावलं". तिच्याबरोबरच्या गोळीचं जाकीट चार पाकळ्यांत मागे वळलेलं आहे, शिसं मधोमध करडं, मधमाशीच्या पोळ्यासारखं खडबडीत, आणि वजन ९८ ग्रेन, म्हणजे सुमारे पासष्ट टक्के शिल्लक. तेव्हा हरणासाठी मला अगदी अशीच गोळी हवी असायची. तुम्हीही असा डबा ठेवा. चार-पाच हंगामांत तो तुम्हाला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त शिकवेल.

माझी बायको अंगाने लहान आहे. .३०८ रायफलचा धक्का तिला सोसत नाही, चाप ओढताना डोळे मिटतात. बारीक गोळीची .२४३ हरणाला पुरते का? की ती 'बायकांची बंदूक' म्हणून सोडून द्यावी?

पुरते. आणि 'बायकांची बंदूक' हे शब्द तिच्यासमोर काढू नका. डोळे मिटून .३०८ चा बार टाकणाऱ्यापेक्षा डोळे उघडे ठेवून .२४३ चालवणारा हरणावर कितीतरी जास्त दया करतो. ज्या माणसाला धक्क्याची धास्ती बसली त्याचा नेम खाली आणि बाजूला जातो, म्हणजे गोळी कोथळ्यात किंवा पायावर. यापेक्षा वाईट काही नाही.

इंग्लंडच्या १९९१ च्या हरणांविषयीच्या कायद्यात रायफलच्या नळीचा आतला व्यास किमान .२४० इंच आणि नळीपाशी किमान ऊर्जा १,७०० फूट-पाउंड ठरवलेली आहे. .२४३ विन्चेस्टर १९५५ सालापासून आहे आणि या दोन्ही कसोट्यांवर उतरते. फक्त गोळीबाबत .३०-०६ इतकी मोकळीक तिला नाही. ८० ग्रेनच्या आतल्या बऱ्याच हलक्या गोळ्या लहान प्राण्यांसाठी घडवलेल्या असतात आणि आदळताच फुटतात. त्या हरणाला नकोतच. ९५ ते १०० ग्रेनची मऊ टोकाची, नाहीतर बाँडेड घ्या. १०० ग्रेनची साधी गोळी २०० यार्डांवरही २,४०० फुटांच्या थोडी वर असते, त्यामुळे फुलण्याची काळजी नाही. काळजी आहे ती हाडाची. समोरून तिरकं उभं असलेलं हरीण तिने सोडून द्यावं. अगदी आडवं किंवा पाठमोरं तिरकं असेल तरच.

तिला ६.५ क्रीडमूरही हाताळून बघू द्या. धक्का .३०८ पेक्षा बराच सौम्य आणि गोळी १२० ते १४० ग्रेनची, म्हणजे जरा जास्त भरवशाची. दोन्ही रायफली खांद्याला लावून जी तिची वाटेल ती तिने निवडावी. तुम्ही मागे उभे राहून सल्ला देऊ नका.

लष्करी पद्धतीची, पूर्ण जाकिटाची काडतुसं फार स्वस्त मिळतात. सराव त्यांनीच करतो. हरणालाही तीच वापरली तर?

नाही. सरावाला खुशाल वापरा, हरणाला एकही नको. पूर्ण जाकिटाची गोळी फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. वर सांगितलेली पेन्सिलीएवढी जखम ती मुद्दामच करते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरणासाठी ती बेकायदा आहे, आणि इंग्लंडच्या कायद्यातही हरणासाठी मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी लागते.

यामागचा इतिहास मला नेहमी विचारात पाडतो. कलकत्त्याजवळ डमडमला ब्रिटिशांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथे १८९० च्या दशकात रायफलची अशी गोळी बनली जिच्या टोकावरचं जाकीट काढून शिसं उघडं ठेवलेलं होतं. माणसाच्या शरीरात ती फुलायची आणि जखम इतकी भयानक व्हायची की १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी घालण्यात आली. म्हणून सैन्याला पूर्ण जाकिटाची गोळी. शिकारीत मात्र कायदा बरोबर उलटा आहे, कारण तिथे जायबंदी करून सोडायचं नसतं. जनावराला पडल्यावर उचलून न्यायला कोणी सोबती नसतात, दवाखाना नसतो. जखमी हरीण झाडीत एकटं पडून राहतं.

लिव्हरची .३०-३० रायफल आहे, गोळ्या नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक भरतात. टोकदार गोळ्या जास्त लांब जातात म्हणून त्या भरू का?

भरू नका, हा जिवाचा प्रश्न आहे. त्या नळकांड्यात पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीवर मागच्या गोळीचं टोक टेकलेलं असतं. धातूचं अणकुचीदार टोक असेल आणि बंदूक दणकली, की ती टोपी पेटू शकते. तुमच्या बंदुकीला चपट्या किंवा गोल टोकाचीच गोळी, नाहीतर खास अशा नळकांड्यासाठी बनवलेली, रबरासारख्या मऊ टोकाची.

लांब पल्ल्याचा विचारही सोडा. १५० ग्रेनची .३०-३० गोळी २०० यार्डांवर १,६०० च्या आसपास उरते. या काडतुसाच्या गोळ्या कमी वेगाला फुलाव्यात अशाच मऊ घडवलेल्या असतात, तरी १२५-१५० यार्डांपलीकडे मी जाणार नाही. दाट झाडीत, पन्नास यार्डांवर, १८९५ साली आलेलं हे काडतूस आजही कुणाला हार जाणार नाही.

घरात दोन लहान मुलं आहेत. हरणाच्या मांसात शिशाचे कण राहतात असं वाचलं. तांब्याच्या गोळीकडे वळावं का? ती महाग आहे आणि तुम्हीच म्हणता की ती फुलत नाही.

माझी ती गोळी फुलली नाही, आणि ती जुन्या घडणीची होती. आताच्या बऱ्याच तांब्याच्या गोळ्यांचं टोक प्लास्टिकचं असतं. ते आदळताच मागे ढकललं जातं आणि पाकळ्या लवकर उघडतात. तांब्याची पहिली गाजलेली शिकारी गोळी १९८९ साली बार्न्सने आणली. तेव्हापासून बरीच सुधारणा झाली आहे.

शिशाबद्दल जे वाचलंत ते खरं आहे. साधी गोळी फुलताना तिचे बारीक कण जखमेच्या भोवती बऱ्याच लांबवर उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत, पण क्ष-किरणात पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. मी माझ्याच दवाखान्यात एका फऱ्याचा असा फोटो काढला होता. जखमेपासून माझ्या पंजाच्या लांबीएवढ्या अंतरावरही ठिपके होते. त्या फऱ्याचा अर्धा भाग मी टाकून दिला. २००८ साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने गरजूंना वाटण्यासाठी आलेलं हरणाचं खिम्याचं मांस टाकून द्यायला सांगितलं होतं, ते याच कारणाने. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. तिथलं कारण मुख्यतः पक्ष्यांचं होतं: जंगलात टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन गिधाडांसारखे मोठे कॉन्डोर पक्षी विषबाधेने मरत होते. १९८७ साली जगात त्यांची संख्या अवघी सत्तावीस उरली होती.

तेव्हा मुलं असतील तर तांबं घ्या. मीही आठ वर्षांपूर्वी वळले. त्यासाठी तीन गोष्टी सांभाळा. एक, नेहमीपेक्षा हलकी गोळी निवडा. .३०-०६ मध्ये १५० किंवा १६५ ऐवजी १३० ते १५०, .३०८ मध्ये १३०, म्हणजे वेग टिकतो आणि फुलणं हमखास. तांब्याची गोळी वजनाचा जवळजवळ कणही सोडत नाही, म्हणून हलकी असूनही ती खोल जाते. दोन, तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि काही नळ्यांच्या आट्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, तिला नीट फिरवू शकत नाहीत. आधी कागदावर मारून बघा. तीन, नळी आधी स्वच्छ घासा. शिशाच्या गोळीचा थर असलेल्या नळीत तांब्याच्या पहिल्या दहा गोळ्या कुठे पडतील त्याचा नेम नसतो. नंतर त्या सुधारतात.

आणि कुठलीही गोळी वापरा, जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून काढा.

डोक्यात मारली तर लगेच मरतं, मांसही वाया जात नाही. मग सगळे छातीतच का मारायला सांगतात?

मी पशुवैद्य म्हणून याचं उत्तर देते, कारण ते दृश्य मी पाहिलं आहे. हरणाचा मेंदू मोठ्या लिंबाएवढा असतो, आणि डोकं हे त्याच्या शरीरातलं सगळ्यात अस्थिर अंग. ते कान टवकारतं, मान वळवतं, माशी हाकलतं. तुम्ही चाप ओढेपर्यंत ते दोन इंच हललं की गोळी मेंदूऐवजी जबड्यात. एकदा रस्त्याकडेला सापडलेलं हरीण मला बघायला बोलावलं होतं. खालचा जबडा लोंबत होता, जखम आठवड्याभराची होती, अंगावर हाडं तेवढी उरली होती. चरता येत नव्हतं, पाणीही पिता येत नव्हतं. मी त्याला इंजेक्शन दिलं. कुणीतरी "मांस वाया जाऊ नये" म्हणून डोक्यावर नेम धरला होता.

छाती मोठी आहे, कमी हलते, आणि नेम तीन इंच चुकला तरी फुप्फुस लागतं. आडव्या हरणाच्या पुढच्या पायाच्या अगदी मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरा. पाठमोरं तिरकं असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांसमोर आणा आणि गोळी त्या पायापर्यंत जाईल अशी मारा. समोर तोंड करून उभं असेल तर वाट बघा. ते वळतं, बहुतेक वेळा वळतंच. नाही वळलं तर ते तुमचं हरीण नव्हतं.

गोळी लागली, हरीण पळालं, आता काय? मागच्या वर्षी मी लगेच मागे धावलो आणि ते सापडलं नाही. वर्षभर मनातून जात नाही.

ते मनातून जात नाही यातच तुम्ही चांगले शिकारी व्हाल असं मला वाटतं. धावलात हीच चूक झाली. जखमी हरीण मागे कुणी येत नसेल तर लवकर बसतं, आणि बसलं की बहुधा तिथेच संपतं. मागे पावलं वाजली तर ते ताकद एकवटून एक-दीड मैल जातं.

बार टाकल्यावर पुढचं काडतूस भरा, हरीण जिथे उभं होतं ती जागा एखाद्या झाडावरून नीट लक्षात ठेवा, आणि अर्धा तास जागेवर बसा. मग त्या जागी जाऊन खाली वाका. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस: हरीण शंभर-दीडशे यार्डांत मिळेल. काळपट तांबडं म्हणजे यकृत: आणखी तीन-चार तास थांबा. रक्त थोडं, त्यात हिरवट-तपकिरी ओल आणि शेणाचा वास म्हणजे कोथळा. त्या वेळी पावलं मागे घ्या, निदान सहा-आठ तास, संध्याकाळ असेल तर सकाळपर्यंत. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही, पण ते लांब जात नाही, त्याला कुणी हाकललं नाही तर. पाऊस येणार असेल तर माग धुऊन जाईल, तेव्हा थांबण्याचा वेळ कमी करावा लागतो. अशा वेळी एकट्याने जाऊ नका, दोघांनी हळू जा. एकाने शेवटच्या रक्ताच्या थेंबावर उभं राहायचं, दुसऱ्याने पुढचा शोधायचा. थेंब सापडल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही.

प्रत्येक थेंबाला कागदी रुमालाचा तुकडा लावत जा. वीस-तीस तुकडे झाले की मागे वळून बघा, त्यांची रेघ हरीण कुठे चाललंय ते दाखवते. बहुतेक वेळा ती उताराकडे, पाण्याकडे जाते. ओढ्याकाठची दाट झाडी आधी बघा, वाकून, फांद्यांच्या खालून. कान दिसेल, किंवा पोटाचा पांढरा पट्टा. जवळ जाताना मागच्या बाजूने जा, रायफल तयार ठेवा, आणि लांब काडीने डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच हात लावा.